अंगणातलं इसोन्ये: दिवाळीच्या किल्ल्याच्या कामाच्या नोंदी

२ सप्टेंबर २०२३, शनिवार

गेल्या दिवाळीत इटलीत, तोरिनोतल्या आमच्या इमारतीच्या अंगणात राजगड केला होता. बालेकिल्ला, तीन माच्या, सगळं. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ खाली येऊन बराच वेळ बघत उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "ज्वालामुखी छान झालाय." माझी मुलगी ओवी (वय ९) तेव्हापासून खार खाऊन आहे. यंदा तिने ऑगस्टातच जाहीर केलं: लोकांना ओळखू येईल असा, इथलाच किल्ला करायचा.

इथलाच म्हणजे आल्प्समधल्या आओस्ता खोऱ्यातला. तोरिनोहून गाडीने तास-दीड तासावर दोरा बाल्तेआ नदीचं हे खोरं सुरू होतं आणि मग दर वळणावर एखादा बुरूज दिसतो. फेनिसचा किल्ला सगळ्यांच्या ओळखीचा आहे, पण दुहेरी तटबंदी आणि मोजता येणार नाहीत इतके मनोरे. दहा रविवारांत ते माझ्याच्याने होणार नाही. व्हेरेस सोपं: ३० मीटर बाजूचा दगडी ठोकळा, कड्यावर ठेवलेला. १:१०० प्रमाणात तीस सेंटिमीटरचं खोकं. ठरलं, व्हेरेस.

जागा: सायकलींच्या स्टँडमागे दीड मीटर बाय एक मीटर. माती अजून ठरायची आहे.

९ सप्टेंबर, शनिवार

व्हेरेस बघायला गेलो आणि विषय बदलून आलो.

इव्ह्रेआला गाडी बदलली. बार्दचा दुर्ग डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्यांतून बघून झाला. १८०० साली तिथल्या चारशेच्या आसपास ऑस्ट्रियन शिबंदीने नेपोलियनचं अख्खं सैन्य दोन आठवडे अडकवून ठेवलं होतं. त्याने रागाने तो पाडून टाकला. आत्ताचा आहे तो १८३०च्या दशकात परत बांधलेला. ओवीला हे फार आवडलं. "चारशे म्हणजे आपल्या शाळेएवढे," म्हणाली.

व्हेरेसला उतरून चढलो. चढ छोटा पण दमवणारा, आणि वर गेल्यावर खरोखर ठोकळाच. भिंती अडीच मीटर जाडीच्या. दारावर कोरलेला लेख आहे, १३९० सालचा, इथल्या इब्लेतो दे शालाँ या सरदाराने हे बांधलं असं सांगणारा. आत अरुंद चौक आणि त्याच्या भिंतींना धरून तिरक्या कमानींवर चढत गेलेला भला मोठा दगडी जिना. पुढे १५३६ साली त्याच घराण्यातल्या रनेने तोफांचा काळ आला म्हणून बाहेरून नवा तट घातला. करारी जागा आहे. पण मिनिटभरात कळून जाते. ओवीने चौकात एक फेरी मारली, वर आभाळाकडे बघितलं आणि विचारलं, "हे राहायचे कुठे?"

खाली उतरलो, नदी ओलांडली, पलीकडच्या काठावर इसोन्येला चालत गेलो. गाव लहान. चर्चच्या शेजारी, घरांच्या गर्दीत एक मोठी, उदास, काहीच न सांगणारी इमारत. कोपऱ्यांवरचे मनोरे छपरापेक्षा जेमतेम वर. जुनी मामलेदार कचेरी म्हणून सांगितलं असतं तरी खपलं असतं. मी ओवीला म्हटलंही, हे घाईत उरकू.

मग आतल्या अंगणात आलो. तिन्ही बाजूंना इमारत, घोड्याच्या नालासारखी, चौथ्या बाजूला भिंत आणि बाग. अंगणाच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत रंगवलेल्या ढाली, घराण्याच्या आणि सोयरिकींच्या. मध्यभागी अष्टकोनी दगडी कुंडी, तिच्यातून उगवलेलं लोखंडाचं डाळिंबाचं झाड, आणि त्या झाडातून पाणी. पूर्वेच्या ओवरीत कमानींखाली बाजार रंगवलाय: भटारखाना, खाटीक, शिंपी, वैदू, भाजीवाल्या. देव नाहीत, लढाया नाहीत. दुकानं!

आम्ही दोन तास तिथेच होतो. परतीची एक गाडी सोडली. ओवी म्हणाली, "व्हेरेस नको. हे करू." मी म्हटलं, हा किल्ला नाहीये गं. ती म्हणाली, मग काय आहे?

१० सप्टेंबर, रविवार

काय आहे, याचं उत्तर इथली भाषा सहज देते: काझाफोर्ते. घर आणि बळकट, दोन शब्द एकत्र. मराठीत मी काल दिवसभर 'तटबंदीचं घर', 'किल्लेवजा वाडा' असं काहीतरी बडबडत होतो. आज सकाळी गावी काकांना फोन लावला आणि सहज वर्णन केलं. म्हणजे असं, की डोंगरावर नाही, गावातच आहे, भिंती जाड, बाहेरून खिडक्या कमी, आत चौक, धान्याची कोठारं, मालक सारा वसूल करायचा. काका म्हणाले, "मग गढी म्हण की सरळ."

गढी! आमच्याच गावात, बीड जिल्ह्यात, एक ढासळून पडली आहे आणि मला तो शब्द सुचू नये. गढीला डोंगर लागत नाही. गावच्या पांढरीतला उंचवटा पुरतो. शत्रूचं सैन्य आलं तर ती टिकायची नाही, हे बांधणाऱ्यालाही माहीत असतं. दरोडेखोर, शेजारचा देशमुख आणि भाऊबंद यांच्यापुरती ती पक्की. आणि गावाला रोज दिसली पाहिजे.

आल्प्समधलंही गणित हेच. किल्ला असणाऱ्याकडे न्याय करण्याचा हक्क असे, काझाफोर्तेवाल्याकडे बहुधा नसे. तो धाकटा सरदार, नाहीतर बिशपचा कारभारी. या सगळ्यांच्या वर मुलखाचा धनी, सावोयचा काउंट बसलेला. तो साधारण सात-सात वर्षांनी आओस्तात येऊन दरबार भरवी, सगळ्यांचे दावे ऐके, आणि तेवढ्या काळापुरते खोऱ्यातल्या सरदारांनी आपापले किल्ले त्याच्या ताब्यात द्यायचे असा रिवाज होता. म्हणजे ज्याने एवढा पैसा ओतून भिंती उभ्या केल्या त्यानेच साहेब आले की चाव्या पुढे करायच्या. काकांना हे सांगितलं तर हसून म्हणाले, आपल्याकडे कलेक्टर आला की विश्रामगृह रिकामं करतात तसं.

इसोन्ये मुळात आओस्ताच्या बिशपची गढी. ११५१च्या पोपच्या आज्ञापत्रात तिथल्या बिशपच्या मालमत्तेचा उल्लेख आहे. १३३३च्या सुमारास बिशप आणि पलीकडच्या व्हेरेसवाल्यांचं वाजलं, त्यात ती जळाली. १३७९ साली बिशपने ती जागा इब्लेतो दे शालाँला दिली. त्याच इब्लेतोने नदीच्या त्या काठावर ठोकळा बांधला आणि या काठावर राहायचं घर सुधारायला घेतलं. मला आत्ता हीच जोडी धरायची आहे. एकाच माणसाची दोन घरं, मध्ये नदी. दीड मीटरच्या जागेत दोन्ही मावतील. मुख्य काम इसोन्येचं, व्हेरेस मागे उभा राहील.

(बायकोचं म्हणणं: "विषय वाढवू नकोस." नोंद घेतली.)

१६ सप्टेंबर

माती. पो नदीकाठच्या भाजीमळ्यातून एका ओळखीच्या माणसाने दोन पोती दिली. रेताड आहे, गोळा धरत नाही. आईला फोनवर दाखवली. तिने नुसत्या रंगावरून सांगितलं, "हिच्यात काही दम नाही, शेण कुठे मिळेल?" तोरिनोत शेण. शेवटी कुंभारकामाच्या दुकानातून लाल मातीचे दोन लगदे आणले आणि ही माती त्यात एकास दोन मिसळली. भुसा म्हणून सशाच्या पिंजऱ्यात घालतात ते गवत कात्रीने बारीक करून.

भिंती नुसत्या मातीच्या नकोत, कारण आत ओवरी आहे. पाया प्लायवूडचा, भिंती पुठ्ठ्याच्या, वरून मातीचा लेप.

२४ सप्टेंबर, रविवार

डाळिंबाचं झाड. फोटो पुरेनात, आणि एवढ्यासाठी परत इसोन्येला जाणं जमणार नव्हतं. मग आठवलं, त्याची नक्कल इथे तोरिनोतच आहे, वालेंतिनो बागेत, नदीला लागून. १८८४ साली इथे मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा आल्फ्रेदो द'आंद्रादे या पोर्तुगालहून येऊन इथलाच झालेल्या माणसाच्या देखरेखीखाली एक आख्खं 'मध्ययुगीन गाव' उभारलं गेलं. पिएमोंते आणि आओस्ता खोऱ्यातल्या खऱ्या घरांच्या, बुरुजांच्या, अंगणांच्या नकला. गढीचं अंगण फेनिसवरून घेतलं, डाळिंबाचं झाड इसोन्येवरून. प्रदर्शन संपल्यावर पाडायचं होतं, पण लोकांना आवडलं म्हणून राहिलं. मला ही कल्पना दिवाळीच्या किल्ल्याच्या फार जवळची वाटते. चार दिवसांसाठी केलेला आणि मोडवत नाही म्हणून ठेवलेला. आमच्या लहानपणी तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवायचो.

नकलेची नक्कल करायला मला कमीपणा वाटत नाही. ओवीने वहीत चित्र काढलं आणि तिनेच पकडलं: फळं डाळिंबाची आहेत पण पानं डाळिंबाची नाहीत. पानांना कंगोरे आहेत. ओकची पानं. आजोबांच्या शेतात डाळिंबाच्या बागेत खेळलेली पोरगी, तिला फसवता येत नाही. डाळिंब म्हणजे भरलेलं घर, वंशवेल. ओक म्हणजे जुनं, न हलणारं झाड. लोहाराने दोन्ही एकाच खोडावर चढवले. फांद्यांत बारीक ड्रॅगनही लपलेत.

हे झाड १५०२च्या लग्नाच्या निमित्ताने बनवलं असं मानतात: फिलिबेर दे शालाँ आणि लुईझ, आल्प्सच्या पलीकडच्या वालान्जँ या जहागिरीची लेक. वाड्याचं आताचं रूप देणारा माणूस मात्र नवरदेव नव्हता, बापही नव्हता. तो होता जॉर्ज दे शालाँ, आओस्तातल्या संत ओर्सोच्या मठाचा प्रमुख. चुलतभावाची विधवा मार्गरित आणि तिचा पोरगा फिलिबेर यांच्यासाठी त्याने १४९०च्या दशकात हे काम हाती घेतलं, आणि १५०९ मध्ये तो गेला. स्वतः ब्रह्मचारी. पुतण्याच्या संसारासाठी अंगणात डाळिंब लावणारा काका म्हटल्यावर मला आमचेच काका दिसतात.

साहित्य: तांब्याची तार (जुन्या चार्जरची वायर सोलून), लाल मणी अकरा, पानांना पितळी पत्रा. पानं कापताना बोट कापलं. ओवीने बँडेज लावलं, त्याच्यावर ड्रॅगन काढला.

१ ऑक्टोबर

मोठी चूक, आणि पूर्ण माझी. नकाशा प्लायवूडवर उतरवताना कागद पालथा ठेवून घासला. नाल दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी, त्यामुळे लक्षातच आलं नाही. पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या करून, चिकटवून, सकाळच्या उन्हात ठेवल्यावर ओवी म्हणाली, "बाबा, दुकानांवर ऊन कसं पडतंय?" ओवरी पूर्वेला हवी, म्हणजे सकाळी ती सावलीत पाहिजे आणि तिचं तोंड मावळतीकडे. आमची पश्चिमेला गेली होती. सगळं उचकटलं. दोन रविवार पाण्यात.

पोटापाण्यासाठी मी मोटारीच्या सीटचे आराखडे करतो. तिथे डावा-उजवा चुकला तर जी मेल येते ती इथे मी स्वतःलाच मनातल्या मनात पाठवली.

८ ऑक्टोबर, रविवार. पाऊस

जिना. याच्याबद्दल जरा सविस्तर लिहून ठेवतो, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

खोऱ्यात गोल दगडी जिन्याला 'विरे' म्हणतात. इसोन्येतला विरे बघताना आधी नजरेत येत नाही की मध्ये वेगळा खांब नाहीच. एक पायरी म्हणजे एक सलग दगड, पाचरीच्या आकाराचा. रुंद टोक भिंतीत. अरुंद टोक गोल घडवलेलं, आणि ती गोल टोकं एकावर एक बसत जाऊन त्यांचाच खांब होतो. वरच्या वळशातल्या पायऱ्यांची खालची बाजू तासून गुळगुळीत केलेली, ते खालून चढणाऱ्याचं छत. दगडाचा एकच तुकडा पायरी, खांब आणि छत, तिन्ही. खाली उभं राहून वर बघितलं की उघडत जाणारा जपानी पंखा दिसतो.

मी दोन मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याच्या साठ पाचरी कापल्या. अरुंद टोकाला भोक, सगळ्या एका विणायच्या सुईत ओवायच्या, प्रत्येक पायरी १८ अंश फिरवून चिकटवायची. वीस पायऱ्यांत एक वळसा, तीन वळशांत वरचा मजला. कागदावर सुंदर.

डोळ्याच्या अंदाजाने फिरवल्या. प्रत्येक पायरीला अर्धा अंश जास्त गेला असेल, दिसतही नाही. साठ पायऱ्यांत तीस अंश. वर पोचलो तेव्हा जिना दारात न उघडता भिंतीत उघडत होता. सुई काढून सोडवायला गेलो तर गोंद वाळलेला, निम्म्या पाचरी फाटल्या. त्याच वेळी ओवी मागून वाकली, तिचं कोपर लागून उरलेलं खाली. मी ओरडलो. नको इतका ओरडलो. ती आत निघून गेली. बाहेर पाऊस, अंगणातली ताडपत्री उडालेली, मातीचा अर्धा लेप धुऊन गेला.

संध्याकाळी एकट्याने साचा केला: पुठ्ठ्यावर वर्तुळ, वीस समान भाग, प्रत्येक रेघेवर टाचणी. पायरी टाचणीला टेकवायची आणि मग चिकटवायची, आधीच्या पायरीशी तुलना करायचीच नाही. तेव्हाच्या पाथरवटानेही लाकडाचा एक साचा केला असणार आणि प्रत्येक दगड त्यावर ठेवून तपासला असणार. शेजारच्या दगडावर भरवसा ठेवला तर चूक वर चढत जाते, एवढं त्याला माझ्याआधी पाचशे वर्षं कळलेलं होतं.

ओवीशी झोपताना समझोता. मोबदला: एक आईस्क्रीम आणि रंगकामाचे सर्वाधिकार.

१५ ऑक्टोबर, घटस्थापना

घरातल्या घटात नऊ धान्यं पेरली. उरलेली मोहरी आणि मेथी इसोन्येच्या बागेत पेरली. चौथ्या बाजूची बाग हिरवी झाली पाहिजे.

छप्पर. तळमजल्यावरच्या आजीबाई आओस्ता खोऱ्यातल्या आहेत हे आज कळलं. आम्ही स्लेटच्या रंगाचा कागद चौकोनी कापून कौलांसारखा ओळीत लावत होतो. त्या काठी टेकत आल्या, बघितलं आणि बोट नाचवलं. "लोझे असे नसतात." लोझे म्हणजे छपरावरच्या दगडी फरश्या, खोऱ्यातल्या चिरत जाणाऱ्या दगडाच्या. त्यांच्या मते आमच्या तीन चुका. एक, लोझे एकसारखे नसतात. खाली पाघोळीला मोठे आणि जाड, वर जाताना लहान. दोन, उतार फार काढलाय. दगड बहुतेक आपल्याच वजनाने बसलेला असतो, उतार जास्त दिला तर घसरेल. आणि बर्फ घसरून पडावं असं त्यांना वाटतच नाही, ते गोधडीसारखं वर राहावं. तिसरी चूक: आत तुळया दिसल्या पाहिजेत, कारण एवढा दगड डोक्यावर म्हणजे खाली लाकूड माणसाच्या कमरेएवढं.

तासाभराने त्या परत आल्या, हातात बिस्किटांच्या डब्यात चपट्या, चमचमणाऱ्या अभ्रकी दगडाच्या चिपा. नवऱ्याने गावाहून आणलेल्या, कुंड्यांत घालायला. "नखाएवढ्या फोडा." फोडल्या. कागदी छप्पर काढून टाकलं. आता छप्पर खरोखर जड झालंय आणि पुठ्ठ्याच्या भिंती वाकताहेत, म्हणून आतून आईस्क्रीमच्या काड्यांच्या तुळया. म्हणजे आजीबाईंची तिसरी अटही आपोआप पूर्ण.

२१ ऑक्टोबर

ओवरीतली चित्रं. ओवीचं खातं. मी फक्त कमानींचे अर्धगोल कापून दिले.

चित्रकाराचं नाव कोलँ असावं म्हणतात, कारण पहारेकऱ्यांच्या चित्रावर कुणीतरी ते खरवडून ठेवलंय. त्या चित्रात भिंतीवर चिलखतं आणि हत्यारं ओळीने टांगलेली, आणि पहारेकरी? पहारेकरी डाव टाकून बसलेत. ज्या वाड्याच्या नावात 'बळकट' आहे त्या वाड्याच्या दारातच मालकाने हे रंगवून घेतलं. वैद्याच्या दुकानात बरण्यांच्या रांगा, एकजण खलबत्त्यात कुटतोय. वाण्याच्या दुकानात चीजच्या चकत्या रचलेल्या. फोंतीना चीज करणारे लोक हे आपल्या चीजचं सर्वांत जुनं चित्र म्हणून दाखवतात.

मला नेहमी वाटायचं की सरदाराने भिंतीवर शिकार नाहीतर स्वर्ग रंगवावा. शिकार आत दिवाणखान्यात आहेच. पण दारातून येणाऱ्याला आधी दिसतो भरलेला बाजार: भाकरी भाजली जातेय, मांस टांगलंय, कापड मापलं जातंय. माझ्या राज्यात काही कमी नाही, हे सांगायची ही रीत मला तलवारीच्या चित्रापेक्षा जास्त हुशार वाटते. आणि अंगणातल्या त्या ढालींवर जुन्या फ्रेंचमध्ये लिहिलं होतं की हा शालाँच्या मुलांसाठीचा आरसा आहे. पोरांनी खेळता खेळता आपलं कूळ पाठ करावं. आमच्याकडे हे काम आत्याबाई करायच्या.

ओवीने भटारखान्यात चकल्या काढल्यात. रंगकामाचे सर्वाधिकार दिलेले असल्याने हरकत नोंदवता आली नाही. ढालींसाठी मात्र शालाँचं खरं चिन्ह: पांढरी ढाल, वर लाल पट्टा, त्यावरून तिरकी काळी पट्टी.

२४ ऑक्टोबर, दसरा

सुईची पूजा केली. जिना बसला. दारात उघडतो.

१ नोव्हेंबर, बुधवार. इथली सुट्टी

इमारतीच्या व्यवस्थापकांची चिठ्ठी: सामायिक अंगणात 'बांधकाम' परवानगीशिवाय करता येत नाही. बांधकाम! गढी बांधायला वरच्याची परवानगी लागायची, म्हणजे परंपरा चालू आहे. अर्ज लिहिला. क्षेत्रफळ, उंची (सर्वोच्च बिंदू ६१ सेंमी), वापर (धार्मिक), मुदत (१९ नोव्हेंबरपर्यंत). आजीबाईंनी खाली सही केली. त्यांच्यामुळे दुपारपर्यंत तोंडी होकार.

५ नोव्हेंबर

व्हेरेस एका संध्याकाळीत झालं. खोकं, मातीचा लेप, वर दातेरी कंगोरा, मागे विटांचा डोंगर. ओवीने त्याला पंधरा मिनिटं दिली. मध्ये दोरा बाल्तेआ, चांदीच्या कागदाची. पाणी खरं सोडू या म्हणत होती, प्लायवूड फुगेल म्हणून नको म्हटलं.

ओवी काम करता करता विचारत होती, मग शेवटी कोण राहिलं तिथे. सांगितलं थोडक्यात: डाळिंबाच्या लग्नातल्या जोडप्याचा मुलगा रने मोठा सेनानी झाला, १५६५ साली वारला, मुलगा नाही. दोन मुली. थोरली तबेल्यातल्या नोकराबरोबर पळून गेली म्हणून तिचा हक्क काढला. धाकटी इझाबेल, तिच्या नवऱ्याकडे, माद्रुत्सो घराण्याकडे सगळं गेलं. शालाँच्या बाकीच्या भाऊबंदांनी दावा लावला. मुलीकडे वतन जातंच कसं? निकाल लागून वाडा शालाँकडे परत आला १६९६ साली.

१३१ वर्षं. हे मी मुद्दाम काकांना कळवलं. त्यांची गढीशेजारच्या बखळीची केस अठ्ठावीस वर्षं चालू आहे आणि त्यांना वाटतं की उशीर होतोय.

"आणि पळून गेली तिचं काय झालं?" ओवीला दाव्यात रस नव्हता.

१८०२ साली शेवटचा शालाँ गेला. वाड्यातलं सामान पांगलं. १८७२ मध्ये तोरिनोच्या वित्तोरिओ आवोंदो या चित्रकाराने मोडकळीला आलेला वाडा विकत घेतला, दुरुस्त केला, जुनं सामान शोधून शोधून परत आणलं आणि १९०७ मध्ये इटलीच्या सरकारला देऊन टाकला. या माणसाबद्दल मला खूप लिहायचं आहे पण चिवडा करायचाय.

१० नोव्हेंबर, धनत्रयोदशी

मोहरी टरारून वर आली आहे, बागेचं जंगल झालंय, प्रमाणाच्या हिशेबाने तिथे चार-पाच मीटर उंच गवत आहे. कापायला मनाई (ओवी).

मावळ्यांचा प्रश्न. पुण्याहून आणलेले मातीचे मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज. ते कुठे बसवायचे? मी म्हटलं यंदा नकोत, हे दुसऱ्या मुलखातलं घर. ओवीचं मत, किल्ल्यावर महाराज नाहीत असं चालतच नाही. वाद बराच चालला. तिने काढलेला तोडगा: महाराज नदीच्या या काठावर, तंबूत, पाहुणे म्हणून आलेत. मी सांगून बसलो होतो की इसोन्येला १४१४ मध्ये सम्राट सिगिस्मुंड आणि १४९४ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा शार्ल उतरले होते, आणि एका खोलीला अजून 'फ्रान्सच्या राजाची खोली' म्हणतात. "मग महाराजांची पण एक खोली," म्हणाली. तंबू रुमालाचा. मावळे पहारेकऱ्यांच्या ओवरीत डाव बघत उभे.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

संध्याकाळी अंगणात पंधरा-वीस माणसं. तोरिनोतली तीन मराठी घरं, एक बंगाली जोडपं, इमारतीतले बाकीचे. अंगणातल्या ढालींवर पणतीचा उजेड, चिपांच्या छपरावर अभ्रक चमकत होतं. हे ठरवून केलेलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आले, चष्मा पुसून वाकले आणि म्हणाले, "इसोन्ये." ओवीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, फक्त मान ताठ केली.

मग त्यांनी भटारखान्याकडे बोट दाखवून विचारलं, ही चक्रं कसली. तिने ताटातली एक चकली त्यांच्या हातावर ठेवली.

आजीबाई व्हेरेसकडे बघून म्हणाल्या की त्यांचं माहेर त्या ठोकळ्याच्या खाली. दर कार्निव्हलला तिथे कॅतेरीन दे शालाँची सोंगं निघतात. ती नवऱ्याला घेऊन गावात उतरली आणि चौकात लोकांत नाचली म्हणून. त्यांनीही लहानपणी कागदी मुकुट घालून फेर धरलेला. एवढं सांगून त्या चिवड्याकडे वळल्या.

१९ नोव्हेंबर, रविवार

मोडलं. व्यवस्थापकांना दिलेली तारीख पाळली. माती पोत्यात, ती आजीबाईंच्या कुंड्यांना. लोझे बिस्किटांच्या डब्यात परत. मोहरीची कोशिंबीर झाली, कडू. डाळिंबाचं झाड ओवीच्या टेबलावर. जिना मी ठेवून घेतलाय.

इसोन्येच्या भिंती लिखाणाने भरलेल्या आहेत. शेकडो ओळी, टोकदार कशाने तरी खरवडलेल्या. पाहुणे, नोकर, वाटसरू, शतकानुशतकं: कोण आलं, कोण वारलं, पैसे नाहीत, मन लागत नाही. सप्टेंबरात तिथे मी ओवीला त्यातल्या काही दाखवल्या होत्या आणि बजावलं होतं की आपण असलं काही करायचं नसतं.

आज ओवरीची भिंत सुटी करताना आतल्या बाजूला, छपराखाली, जिथे बाहेरून दिसलंच नसतं, मातीच्या लेपावर टाचणीने कोरलेलं सापडलं. लेप ओला असतानाच कोरलेलं. इथल्या शाळेत जाणाऱ्या पोरीचं मराठी:

"८ ओक्टोबर. पाउस. बाबा चीडले. जीना पडला मी नाही पाडला."

तेवढा तुकडा कापून वेगळा काढला आहे.